मदत हवी आहे: नाशिकमध्ये कानाचा चांगला डॉक्टर सुचवा (तातडीने)

रानजाई
धाकट्या भावाचा डावा कान तीन दिवसांपासून भयंकर दुखतोय. स्वतः झोपत नाही, आम्हाला झोपू देत नाही. जेवायला बसला की जास्त कळ येते. आम्ही इंदिरानगरला राहतो. कॉलेज रोड, गंगापूर रोड, कुठेही चालेल, पण आजच्या आज नंबर लागेल असा ईएनटी सांगा. 'गूगल करा' म्हणू नका, करून झालंय.

आडगावकर
मळ असणार. माझा काढला तेव्हा कळलं की बायको किती मोठ्याने बोलते.

गोदाकाठ
तिळाच्या तेलात लसूण तडतडवून कोमट दोन थेंब टाका. आमच्याकडे आजीपासून हेच चालतं.

बत्तीशी
तेल अजिबात नको. वय किती? सर्दी-ताप? कानातून पू, पाणी, रक्त? आणि दुखणं नेमकं कधी सुरू झालं?

रानजाई
२२. सर्दी नाही, कानातून काही येत नाही. रविवारी द्वारका सर्कलच्या अलीकडे गाडी घसरली तेव्हापासून. पण कानाला काहीच लागलेलं नाही, हनुवटीवर आपटला. पाच टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, एक्सरेही नॉर्मल आहे. ते सगळं उरकलंय हो, प्रश्न कानाचा आहे.

बत्तीशी
अहो ताई, हे आधी सांगायचं ना! मी दातांची डॉक्टर आहे. खालचा जबडा घोड्याच्या नालेसारखा असतो. त्याची दोन टोकं दोन्ही कानांच्या अगदी पुढ्यात सांध्यात बसतात आणि टोकाखालची मान बारीक असते. आपटते हनुवटी, मोडते ती मान. पेशंट मात्र कान दुखतो म्हणूनच येतो.
त्याला आरशासमोर उभं करा. दात मिटल्यावर पूर्वीसारखे जुळतात का? तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला जाते का? त्याची स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जातात का? खालचा ओठ बधिर वाटतो? जिभेखाली काळंनिळं दिसतं? एक्सरे नक्की कशाचा काढला? पडल्यावर शुद्ध हरपली होती का?
मध्येच उलट्या झाल्या, गुंगी आली, श्वास घ्यायला त्रास झाला किंवा नाका-कानातून पाण्यासारखं काही आलं, तर कोणालाही न विचारता थेट मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या.

खड्डेग्रस्त
द्वारकेच्या अलीकडे म्हणजे कोणत्या बाजूने? हेल्मेट होतं का?

रानजाई
होतं, अर्धं. डोक्यावरचं. बाजूचं काय करायचंय तुम्हाला?

सातपूरवाला
अर्ध्या हेल्मेटने हनुवटी उघडीच राहते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये 'नो हेल्मेट नो पेट्रोल' आलं तेव्हा पंपावर मागच्याचं हेल्मेट मागून घालणारे मी स्वतः पाहिलेत.

खड्डेग्रस्त
आधी रस्ते नीट करा, मग हेल्मेट विचारा.

सातपूरवाला
मग 'हेल्मेट होतं का' हे कोणी विचारलं?

आडगावकर
जबडा मोडला असता तर पोरगं बोललं असतं का? उगाच घाबरवू नका.

बत्तीशी
बोलतात. तंबाखू चघळत आलेला पेशंटही पाहिलाय मी.

जुनं सिडको
दातवाल्यांकडे कशाला? हाड आहे ना, मग हाडाच्या डॉक्टरकडे जा. नाहीतर आमच्या गावी एक जण चोळून सांधा बसवतो.

बत्तीशी
चोळू नका, हात जोडते. जबड्याला दात असतात, म्हणून हाड दातांच्या मापाने जुळवावं लागतं. ते काम ओरल सर्जनचं, म्हणजे बीडीएसनंतर त्याच विषयात एमडीएस केलेला डॉक्टर.

रानजाई
उठवून बघितलं. डावीकडच्या दाढा आधी टेकतात, उजवीकडे फट राहते. तोंड उघडताना हनुवटी डावीकडे जाते. बोटं जेमतेम दोन. ओठ ठीक आहे, शुद्ध गेली नव्हती. एक्सरे कवटीचा, एका बाजूने काढलेला. दात जुळत नाहीत हे तो रविवारपासून सांगत होता म्हणे, आम्हाला वाटलं सुजेमुळे.

बत्तीशी
डाव्या बाजूचीच शंका येते. आज ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एक्सरे काढा, लागला तर सीटी सांगतील. अर्ध्या रात्री पळायची गरज नाही, पण आठवडाभर ढकलूही नका, हाड वाकडं जुळायला लागतं. पंचवटीतल्या केबीएच डेंटल कॉलेजमध्ये ओरल सर्जरी विभाग आहे, सकाळी लवकर जा. तोपर्यंत पातळ खायला द्या. जांभई येताना हनुवटीखाली हात धरायचा.

पेठरोड
माझा जबडा मोडला होता, दाढांच्या जागी. टायटॅनियमच्या दोन पट्ट्या टाकल्या आणि आठवड्यात मऊ भात खात होतो. तारा बांधून घेऊच नका, सरळ ऑपरेशन करा.

पळसाची पानं
असं सरसकट कसं सांगता? माझी लेक सात वर्षांची असताना अशीच हनुवटीवर पडली. कानाजवळ मोडलं होतं, ऑपरेशन नाहीच केलं. उलट लवकर तोंड उघडायला लावलं, नाहीतर मुलांचा सांधा आखडतो म्हणाले. दातांत आइस्क्रीमच्या काड्या धरायच्या, हळूहळू एकेक वाढवायची.

पेठरोड
लहान मुलाचं वेगळं.

बत्तीशी
जागाही वेगळी. तुमच्या दाढांजवळची मोड आणि ही कानाजवळची, दोन्हींना एक नियम नाही. हाड किती सरकलंय आणि दात जुळतात का, त्यावर ठरतं.

मुकणे
डॉक्टर आहातच तर विचारतो, आडवी अक्कलदाढ काढल्यावर किती दिवस सुजतं?

बत्तीशी
वेगळा धागा काढा.

गंजमाळ
खर्चाची काळजी असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का ते विचारा. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतो. रेशन कार्ड, आधार जवळ ठेवा.

रानजाई
अपडेट: डाव्या सांध्याखाली मोडलंय, फार सरकलेलं नाही. ऑपरेशन नको म्हणाले. वरखाली दातांना पट्ट्या बांधून रबर लावलेत, दोन आठवडे. मग व्यायाम. कान ठणठणीत आहे. आई पेज, ताक आणि मुगाचं कढण आलटून पालटून देतेय, तो खुणेने मिसळ मागतोय. बत्तीशीताई, खरंच आभार.

बत्तीशी
छान झालं. एक राहिलं. छोटी कात्री कायम त्याच्याजवळ असू द्या, रात्रीसुद्धा. उलटी आली तर रबर लगेच कापून तोंड उघडता आलं पाहिजे. कोणते कापायचे ते डॉक्टरांकडून बघून घ्या, घरातल्या सगळ्यांनी.

रानजाई
उशाखाली ठेवली. आई म्हणते, पडल्यापासून दचकून उठतोय, तिथे लोखंड हवंच होतं.