जुन्या एसएसडीवरचं यूजर फोल्डर नव्या लॅपटॉपवर उघडत नाही, 'परमिशन नाही' म्हणतं

प्रश्न
विंडोज १० च्या डेस्कटॉपचा मदरबोर्ड गेला. त्यातली २.५ इंची एसएसडी साटा-यूएसबी केबलने विंडोज ११ च्या लॅपटॉपला जोडली आहे, ई ड्राइव्ह म्हणून दिसते. पण यूजर्समधलं माझं फोल्डर उघडायला गेलं की परमिशन नाही असा मेसेज येतो आणि खाली 'कंटिन्यू'चं बटण. यूजरनेम, पासवर्ड दोन्हीकडे तेच आहेत, अकाउंट ॲडमिनचं आहे. कंटिन्यू दाबू का? डेटा अंदाजे १८० जीबी.

उत्तर १
नाव सारखं असून उपयोग नाही. एनटीएफएस (विंडोजची डिस्कवर फाइल ठेवायची पद्धत) परवानगी नावाला नाही, एसआयडीला, म्हणजे अकाउंटच्या ओळख-क्रमांकाला देते. एस-१-५-२१ ने सुरू होणारा तो लांबलचक क्रमांक. शेवटचे अंक, समजा १००१, दोन्हीकडे जुळतीलही. पण त्याआधीचे तीन मोठे आकडे प्रत्येक इन्स्टॉलेशनचे वेगळे असतात. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी टॅबवर 'अकाउंट अननोन' दिसेल, ते तुमचंच जुनं अकाउंट.

कंटिन्यू दाबू नका. त्याने जुन्या डिस्कवरच्याच परवानग्या बदलल्या जातात, आणि तुमच्याकडे सध्या डेटाची ती एकच प्रत आहे. तिच्यावर काहीही न लिहिता फाइल काढता येतात. टर्मिनल 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने उघडा आणि रोबोकॉपी (विंडोजमधलीच कॉपी करायची कमांड) वापरा: आधी जुन्या फोल्डरचा पाथ, मग नव्या डॉक्युमेंट्समधल्या रिकाम्या फोल्डरचा, दोन्ही अवतरणचिन्हांत. पुढे हे स्विच (टाइप अर्थात रोमन अक्षरांत करायचे):

/ई /बी /कॉपी:डीएटी /एक्सजे /आर:१ /डब्ल्यू:१

यातला /बी म्हणजे बॅकअप मोड. ॲडमिनला परवानग्या ओलांडून वाचता येतं, मालकी घ्यावी लागत नाही. डीएटी म्हणजे डेटा, ॲट्रिब्यूट आणि तारखा. परवानग्या येत नाहीत, नव्या फोल्डरच्याच लागू होतात. /एक्सजे विसरू नका, नाहीतर ॲपडेटामधल्या जंक्शनमुळे (दुसऱ्या फोल्डरकडे नेणाऱ्या दुव्यामुळे) तेच फोल्डर स्वतःच्या पोटात पुन्हा पुन्हा कॉपी होत राहतं. आर आणि डब्ल्यू दिले नाहीत तर एका अडलेल्या फाइलसाठी दहा लाख प्रयत्न, प्रत्येकामागे ३० सेकंद थांबणं, हा डिफॉल्ट आहे!

उत्तर २
वरच्याला जोडून: /कॉपीऑल (परवानग्यांसकट सगळं कॉपी करणारा स्विच) कुठे वाचलंत तर ते इथे नको. जुने एसआयडी सोबत येतात आणि हाच त्रास नव्या लॅपटॉपवर सुरू होतो. तसं कुणी करून बसलं असेल तर फक्त त्या नव्या फोल्डरवर आधी टेकओन (मालकी घेणारी कमांड), /एफ आणि /आर सह. मग आयकॅकल्स (परवानग्या बदलणारी कमांड), /रीसेट /टी /सी सह. हे अख्ख्या सी ड्राइव्हवर कधीही चालवू नये, विंडोजच्या स्वतःच्या परवानग्या बिघडतात.

एकाच ड्राइव्हमध्ये कट-पेस्ट केलं तर फाइल जुन्या परवानग्या घेऊनच जाते, कॉपी केली तर नव्या जागेच्या घेते. 'दोनच फाइल उघडत नाहीत' अशा तक्रारींमागे बहुधा हेच असतं.

प्रश्नकर्ता
बरंचसं आलं, धन्यवाद. पण दोन गोष्टी राहिल्या. काही फाइलींवर 'एरर ३६२' आणि एका फोल्डरमधल्या फाइलींवर 'एरर ५'. त्या फाइलींच्या आयकॉनवर छोटं कुलूप आहे.

उत्तर १
३६२ म्हणजे वनड्राइव्हच्या फाइल. डिस्कवर त्यांचं फक्त नाव आहे, मजकूर क्लाउडवर. त्याच अकाउंटने वेबवर लॉगिन करून उतरवून घ्या.

कुलूपवाल्या फाइल ईएफएसने (विंडोजच्या स्वतःच्या फाइल-एन्क्रिप्शनने) एन्क्रिप्ट केलेल्या आहेत, इथे परवानग्यांचा प्रश्नच नाही. मालकी घेतलीत तरी उघडणार नाहीत. त्यांची किल्ली जुन्या प्रोफाइलमध्ये, जुन्या पासवर्डने बंद आहे. पूर्वी त्या किल्लीची प्रत, म्हणजे पीएफएक्स फाइल, काढून ठेवली असेल तर तिच्यावर डबल क्लिक करून इथे इम्पोर्ट करा. नसेल तर ती एसएसडी दुसऱ्या एखाद्या मशीनवर लावून जुनं विंडोज सुरू होतंय का बघा. झालं तर जुन्याच पासवर्डने लॉगिन करा आणि सर्टिफिकेट मॅनेजरमधून पर्सनल सर्टिफिकेट प्रायव्हेट की सकट एक्स्पोर्ट करा. त्या फाइल नव्या लॅपटॉपवर उघडून पाहीपर्यंत जुनी एसएसडी फॉरमॅट करू नका.