सीपॅपचा मास्क रात्रभर टिकत नाही, काय करावे?

लष्करनिवासी (ग्वाल्हेर):
नमस्कार. माझे वडील 62 वर्षांचे आहेत. झोपेच्या तपासणीत त्यांचा श्वास तासाला 34 वेळा अडतो असे निघाले आणि डॉक्टरांनी सीपॅप मशीन (झोपेत श्वासमार्ग उघडा राहावा म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारे यंत्र) रोज लावायला सांगितले. नाक व तोंड दोन्ही झाकणारा मास्क घेतला आहे. मध्यरात्रीनंतर त्याच्या वरच्या कडेतून डोळ्यांवर हवा येऊ लागते. आई उठून पट्टे आवळते, पण गळती थांबण्याऐवजी वाढते आणि सकाळी नाकाच्या हाडावर लाल वण उमटलेला असतो. त्यात थंडी सुरू झाल्यापासून नळीत पाणी साचून गुडगुड आवाज येतो, आणि नाकावर थेंब पडला की बाबा मास्क काढून ठेवतात, तो पुन्हा लावत नाहीत. ज्यांच्या घरी हे मशीन अंगवळणी पडले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मोरारची सुनंदा:
आपल्या आईंना सांगा की पट्टे आवळू नयेत. मास्कच्या कडेला सिलिकॉनची एक पातळ पाकळी असते. हवेच्या दाबाने ती फुगते आणि चेहऱ्याला आपोआप चिकटते, पण पट्टा जास्त ओढला की तीच दबून दुमडते आणि त्या घडीतून हवा निसटते. आमच्या यजमानांच्या मास्कवर मी रात्री टॉर्च धरून पाहिले, तेव्हा गालाकडची पाकळी अशीच आत मुडपलेली दिसली. म्हणून बाबांना नेहमीच्या उशीवर आडवे करावे, मशीन चालू करून दाब वाढू द्यावा, मास्क चेहऱ्यापासून जरासा उचलून पाकळी फुगू द्यावी आणि मग दोन्ही बाजूंचे पट्टे सारखे, आत एक बोट सहज जाईल इतकेच बसवावेत. बसून जुळवलेला मास्क आडवे झाल्यावर हमखास सरकतो, कारण गालांची ठेवण बदलते. कुशीवर वळूनही एकदा पाहावे.

झोपण्यापूर्वी चेहरा धुवावा. तेल किंवा क्रीम राहिले की सिलिकॉन घसरते. मास्कचे कुशन, म्हणजे चेहऱ्याला टेकणारा सिलिकॉनचा भाग, रोज सकाळी सौम्य साबणाने धुवावे. एवढे करूनही वण उठत असेल, तर मास्कचा आकारच चुकला असावा. तो बदलून मागण्यात संकोच करू नये.

किल्ल्याच्या पायथ्याशी:
पाण्याविषयी लिहितो. मशीनमधून निघालेली उबदार, दमट हवा आपल्या जानेवारीतल्या गारठलेल्या खोलीत थंड नळीतून जाते, तेव्हा वाफेचे पाणी होते. मशीन पलंगापेक्षा खाली ठेवावे, म्हणजे साचलेले पाणी चेहऱ्याकडे न येता मागे ओघळते. नळी रजईखालून घ्यावी किंवा तिला कापडी खोळ शिवावी, आणि आर्द्रता एक पायरी कमी करावी. मशीनला चालत असेल, तर गरम होणारी नळीही मिळते. मात्र ह्युमिडिफायर, म्हणजे हवा दमट करणारी मशीनची पाण्याची टाकी, पूर्ण बंद करू नये. नाक कोरडे पडून चोंदते, मग तोंड उघडते आणि घसा सुकतो. टाकीत डिस्टिल्ड वॉटरच घालावे, नळाच्या पाण्याने क्षारांचा थर बसतो. उन्हाळ्यात लू आणि धूळ सुरू झाली की फिल्टर वरचेवर पाहावा.

सेवानिवृत्त शिक्षक:
बाबांना संध्याकाळी दूरदर्शन पाहताना थोडा वेळ मास्क लावून बसवावे. जागेपणी सवय झाली की झोपेतली घुसमट कमी वाटते. मशीनमध्ये रॅम्पची सोय असल्यास दाब हळूहळू चढतो, ती चालू करावी. मास्क काढला की त्याच रात्री श्वास पुन्हा अडू लागतो, हे त्यांना शांतपणे समजावून सांगावे. ऑस्ट्रेलियातील डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 मध्ये सीपॅपची ही पद्धत प्रथम मांडली, तेव्हा मास्क रोज नाकाला चिकटवावा लागे. आज नुसत्या नाकपुड्यांना टेकणारे मास्कही मिळतात. बाबा तोंडाने श्वास घेत नसतील, तर डॉक्टरांना त्याबद्दल अवश्य विचारावे. मशीनमधली नोंदही सोबत न्यावी: गळती किती, वापर किती तास आणि श्वास अडण्याचे प्रमाण तासाला 5 च्या खाली आले की नाही, हे त्यावरून कळते. दाब स्वतः बदलू नये.

लष्करनिवासी:
आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. मशीन उशालगतच्या उंच कपाटावर आहे, ते आजच खाली घेतो. विक्रेत्याकडे जाऊ, तेव्हा बाबांना आडवे करूनच मास्क बसवून पाहण्याचा आग्रह धरीन.