स्विस पासशिवाय पर्याय नाही?

वर कोणीतरी लिहिलंय की स्वित्झर्लंडला जायचं तर स्विस ट्रॅव्हल पास (देशभरातल्या ट्रेन-बस-बोटींचा एकच पास) घ्यावाच लागतो, नाहीतर तिकिटांतच दिवाळं निघतं. रोज नवं शहर गाठणाऱ्यांसाठी ते बरोबर आहे, पण एकाच भागात चार-पाच दिवस राहणार असाल तर अजिबात पटत नाही. मुक्कामाला राहणाऱ्या पाहुण्यांना मिळणाऱ्या प्रवासाच्या गेस्ट कार्डाबद्दल इथे कोणीच बोललं नाही म्हणून लिहितेय. दक्षिणेला तिचिनो नावाचा इटालियन बोलणारा कँटन (म्हणजे तिथलं राज्य) आहे, तिथे हॉटेल, यूथ हॉस्टेल किंवा कॅम्पसाइटवर एक रात्र जरी राहिलात तरी तिचिनो तिकीट मिळतं, आणि त्यावर निघायच्या दिवसापर्यंत कँटनभरातल्या ट्रेन-बस फुकट! २०१७ पासून आहे हे. बाझल, जिनिव्हालाही शहरापुरतं असं कार्ड मिळतं, बुकिंग करताना विचारून घ्या.

आम्ही लोकार्नोजवळ राहिलो होतो, तिथून पिवळ्या बसने वेर्झास्का खोऱ्यात लावेर्तेत्सोचा दोन कमानींचा दगडी पूल बघायला गेलो, खाली नदीचं पाणी इतकं हिरवं आणि नितळ की तळातले गोटे मोजावेत, आणि जाऊन-येऊन खर्च शून्य. जेवणाचं म्हणाल तर स्वयंपाकघर असलेलं हॉस्टेलच बघा, संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या आधी कोप किंवा मिग्रो या सुपरमार्केटमध्ये ५० टक्के सवलतीचे स्टिकर लावलेले ब्रेड, सॅलड मिळतात, आणि मसूरडाळ-तांदूळ घरून नेले होते, त्यामुळे रात्री गरम खिचडी. पाण्याच्या बाटल्या तर विकत घेऊच नका, रस्त्यावरच्या कारंज्यांचं पाणी पिण्याजोगं असतं, नसेल तिथे तशी पाटी असते.