कॅनडातलं राजकारण, गुन्हेगारी, राष्ट्रीय सुरक्षा: नीट समजून घ्यायला काय वाचावं, कुठे बघावं? सल्ला हवाय

मीनल_ब्रॅम्प्टन:
नमस्कार मंडळी. आम्ही ऑन्टारिओत ब्रॅम्प्टनला राहतो, नुकतीच सिटिझन झालेय, म्हणजे येत्या निवडणुकीत पहिल्यांदा मत देणार. पण इथल्या बातम्या माझ्यापर्यंत तुकड्यातुकड्यानेच येतात. ऑनलाइन न्यूज अ‍ॅक्टवरून सरकार आणि मेटाचं वाजलं, तेव्हापासून म्हणजे ऑगस्ट 2023 पासून फेसबुक-इन्स्टावर बातम्यांच्या लिंकच दिसत नाहीत, मग उरतं काय तर व्हॉट्सअ‍ॅपवरचे फॉरवर्ड आणि भारतातली यूट्यूब चॅनल, आणि तिथे प्रत्येक जण ओरडूनच बोलतो. सध्या सासरे पुण्याहून आलेत, ते रोज विचारतात की इथे पकडलेला माणूस लगेच सुटतो म्हणे, खंडणीचे फोन येतात म्हणे, त्या खलिस्तानवादी निज्जरच्या खुनाच्या प्रकरणाचं पुढे काय झालं, आणि मला धड काही सांगता येत नाही. कोणाची बाजू घ्यायची ते नंतर ठरवेन, आधी विषय कळायला हवाय. रोज साधारण अर्धा तास देऊ शकते. सुरुवात कुठून करू?

नाना_ओटावा:
मीनलताई, अभिनंदन! पेपर कोणता ते नंतर बघू, आधी एक गोष्ट पक्की करा म्हणजे निम्मा गोंधळ जाईल: कुठली गोष्ट कोणाच्या हातात आहे. भारतात फौजदारी कायदा केंद्राचा आणि पोलीस राज्याचे, इथे पण साधारण तसंच पण खाली अजून एक पायरी आहे. क्रिमिनल कोड ओटावाचा, म्हणजे केंद्र सरकारचा. जामिनाची कोर्टं, तिथले जस्टिस ऑफ द पीस (जामिनासारखी कामं बघणारे न्यायाधिकारी), बहुतेक खटले चालवणारे क्राउनचे म्हणजे सरकारी वकील आणि जामीन न मिळालेल्यांना ठेवायचे तुरुंग, हे सगळं प्रांताचं. आणि तुमच्याकडचे पोलीस पील रीजनचे (ब्रॅम्प्टन ह्याच रीजनमध्ये येतं), त्यांचं बजेट रीजन कौन्सिल मंजूर करतं. म्हणून 'जामीन बंद करा' म्हणणारा नेता दिसला की आधी बघायचं हा कुठल्या पायरीवर बसलाय आणि त्याच्या स्वतःच्या हातात जे आहे त्याचं त्याने काय केलं. प्रांताचा मुख्यमंत्री कायम ओटावाकडे बोट दाखवतो आणि ओटावा प्रांताकडे, हे तुम्हाला सगळ्या पक्षांत दिसेल.

आता जामिनाचं. चार्टर म्हणजे राज्यघटनेतली मूलभूत हक्कांची सनद, तिच्या कलम 11 मध्येच लिहिलंय की योग्य कारणाशिवाय जामीन नाकारता येणार नाही, त्यामुळे कुठलंही सरकार आलं तरी सरसकट बंद करू शकत नाही. 2019 ला सी-75 हे विधेयक मंजूर झालं, त्यात शक्य तितक्या कमी अटींवर सोडण्याचं तत्त्व कायद्यात लिहिलं गेलं, कॉन्झर्व्हेटिव्हांचा राग मुख्यतः ह्याच्यावर. मग सी-48, जानेवारी 2024 पासून लागू, त्यात हिंसेच्या काही पुन्हा पुन्हा होणाऱ्या गुन्ह्यांत जामीन का द्यावा हे आरोपीने पटवायचं. आणि ऑक्टोबर 2025 मध्ये पंतप्रधान कार्नींच्या सरकारने सी-14 मांडलं, त्यात ही यादी वाढवून हिंसक गाडीचोरी, घरफोडी, हिंसेची धमकी देऊन खंडणी वगैरे घातलंय. विधेयक कुठवर आलं ते संसदेच्या लेजिसइन्फो साइटवर फुकट बघता येतं. त्याहून सोपी साइट ओपनपार्लमेंट, तुमचा पोस्टल कोड टाका, तुमचा खासदार कोण, तो सभागृहात काय बोलला, कशाला मत दिलं, सगळं येतं. मी सांगेन पहिला आठवडा फक्त हेच करा.

संजय_एटोबिको:
नानांचं सगळं बरोबर असेल पण मला एक सांगायचंय. हे चार्टर-बिर्टर वाचताना ज्याच्या घरात रात्री माणसं घुसली गाडीच्या चाव्या मागायला त्याला काय वाटतं तेही लक्षात घ्या. आमच्या गल्लीत झालंय हे. पोलीस चांगले वागले, पण पकडलेल्यांपैकी एक जण आधीच दुसऱ्या केसमध्ये जामिनावर होता असं कळलं, मग लोकांचा विश्वास राहणार कसा. कॉन्झर्व्हेटिव्हांचा नेता पॉलिव्ह दोन वर्षं 'जेल नॉट बेल' म्हणतोय ते आम्हाला उगाच भिडत नाही. ताई, फक्त सरकारी साइट वाचू नका, संसदेच्या जस्टिस कमिटीच्या सुनावण्या बघा, तिथे पोलीस संघटना पण बोलतात, पीडितांच्या घरचे पण बोलतात आणि बचावाचे वकील पण. दोन्हीकडचं एकाच ठिकाणी ऐकायला मिळतं आणि कोणी मध्ये म्युझिक लावत नाही.

नाना_ओटावा:
संजयराव, मुद्दा मान्य, आणि कमिटीचा सल्ला माझ्यापेक्षा चांगला आहे. ह्याला एकच जोड देतो. ऑन्टारिओच्या तुरुंगात बहुसंख्य लोक शिक्षा भोगणारे नाहीत, खटल्याची वाट बघणारे आहेत. म्हणजे एकीकडे नको त्याला सोडलं जातं आणि दुसरीकडे तुरुंग खटला न चाललेल्या लोकांनी भरलेत, दोन्ही खरं आहे. त्यात सुप्रीम कोर्टाच्या 2016 च्या जॉर्डन निकालाने वेळेची मर्यादा घातली, प्रांतिक कोर्टात 18 महिने, वरच्या कोर्टात 30, त्याच्या पुढे गेलं तर खटला रद्द होऊ शकतो. न्यायाधीश, वकील, कोर्टरूम कमी पडले की गंभीर केस सुद्धा अशाच सुटतात. ह्यावर कोणी घोषणा देत नाही कारण त्याला पैसे लागतात.

केतन_वॉटर्लू:
आकड्यांबद्दल. स्टॅटिस्टिक्स कॅनडा दर वर्षी जुलैच्या सुमारास क्राइम सिव्हिरिटी इंडेक्स काढतं, 2006 साल म्हणजे 100 धरून. ह्यात नुसती गुन्ह्यांची संख्या नसते, गंभीर गुन्ह्याला जास्त वजन असतं. सलग तीन वर्षं वाढून 2024 मध्ये तो 4 टक्के खाली आला. आता ह्यातून एक पक्ष 'गुन्हे घटले' म्हणतो आणि दुसरा दहा वर्षांपूर्वीचं साल घेऊन 'गुन्हे वाढले' म्हणतो आणि दोघेही खोटं बोलत नसतात, 2014 च्या आसपास तो आकडा बराच खाली होता. म्हणून आलेख बघताना डावीकडचं पहिलं साल कोणतं घेतलंय ते आधी बघा. आणि हे फक्त पोलिसांपर्यंत पोचलेले गुन्हे. लोकांना थेट विचारून केलेल्या 2019 च्या सर्वेक्षणात घडलेल्या प्रकारांपैकी जेमतेम 29 टक्के पोलिसांकडे गेले होते. खंडणीसारख्या गोष्टीत तर लोक घाबरून बोलतच नाहीत.

अभिजित_सरे:
खंडणीचा विषय निघालाच आहे तर ब्रिटिश कोलंबियातल्या (बीसी) सरेहून लिहितो. आमच्याकडे आणि तुमच्या ब्रॅम्प्टनकडे हे खरंच चालू आहे, अफवा नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज, पैसे मागायचे, नाही दिले की दुकानावर किंवा घरावर गोळ्या, आणि त्याचा व्हिडिओ काढून टाकायचा. कपिल शर्माच्या इथल्या कॅफेवर 2025 च्या जुलैमध्ये गोळीबार झाला तेव्हा जगाला कळलं, पण साधे ट्रकवाले, बिल्डर, मिठाईवाले त्याच्या कितीतरी आधीपासून भोगताहेत. पील पोलिसांनी 2023 च्या शेवटी ह्यासाठी वेगळं पथक केलं.

बाबा सिद्दीकींच्या खुनानंतर बिश्नोई टोळीचं नाव आपल्याकडे घरोघरी गेलं, तीच टोळी कॅनडाने 29 सप्टेंबर 2025 ला दहशतवादी संघटनांच्या यादीत टाकली. ब्रॅम्प्टन आणि सरेचे महापौर, बीसी आणि अल्बर्टाचे प्रीमियर (मुख्यमंत्री) आधीपासून हीच मागणी करत होते. ह्याने होतं काय, तर त्यांची इथली मालमत्ता गोठवता येते, त्यांना जाणूनबुजून पैसे पुरवणं हा दहशतवादाला मदतीचा गुन्हा होतो. होत काय नाही, तर यादीत नाव आलं म्हणून फोन थांबत नाहीत, त्याला साक्षीदार लागतात. म्हणून ओळखीत कोणाला असा मेसेज आला तर पैसे देऊ नका, वाद घालू नका, मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढा आणि पोलिसांना सांगा. नाव द्यायची भीती वाटत असेल तर निदान क्राइम स्टॉपर्सला निनावी कळवता येतं, 1-800-222-8477. सासऱ्यांना हेही सांगा की ह्यात भोगणारे बहुतेक आपल्याच उपखंडातले लोक आहेत. ग्रुपवर सगळ्या पंजाबी मुलांना किंवा सगळ्या स्टुडंट व्हिसावाल्यांना गुन्हेगार ठरवणारे मेसेज फिरतात त्याचा मला फार त्रास होतो, माझे शेजारी पंजाबीच आहेत आणि फोन त्यांना आलाय.

विद्या_हॅलिफॅक्स:
राष्ट्रीय सुरक्षेचं मी सांगते, मला ह्या विषयाची आवड आहे. एक नियम ठेवा, मूळ अहवाल निदान दोन-चार पानं तरी स्वतः वाचायचे. उदाहरण देते. सीसिस म्हणजे कॅनडाची गुप्तचर संस्था, तिचा 2024 चा जाहीर अहवाल 2025 च्या जूनमध्ये आला. त्यात लिहिलंय की खलिस्तानी अतिरेक्यांचा एक छोटा गट कॅनडाचा वापर प्रचार, निधी आणि मुख्यतः भारतातल्या हिंसेची आखणी ह्यासाठी करतो. त्याच अहवालात परकीय हस्तक्षेप करणाऱ्यांत चीन, रशिया, इराण, पाकिस्तान ह्यांच्याबरोबर भारताचंही नाव आहे. आपल्या चॅनलांनी पहिलं वाक्य दाखवलं, इथल्या बऱ्याच बातम्यांत दुसरं ठळक होतं. पूर्ण चित्र हवं तर दोन्ही वाचावी लागतात, कितीही टोचलं तरी.

दुसरं, गुप्त माहिती आणि कोर्टात टिकणारा पुरावा ह्यातला फरक. निज्जरचा खून जून 2023, सप्टेंबरमध्ये तेव्हाचे पंतप्रधान ट्रूडो संसदेत म्हणाले की ह्यात भारत सरकारच्या एजंटांचा संबंध असू शकतो, भारताने आरोप साफ नाकारला, मे 2024 मध्ये चार भारतीय नागरिकांवर खुनाचा आरोप ठेवला गेला, ऑक्टोबर 2024 मध्ये आरसीएमपीची (केंद्रीय पोलीस) पत्रकार परिषद आणि दोन्हीकडून सहा-सहा राजनैतिक अधिकारी घरी. त्याच महिन्यात परकीय हस्तक्षेपावरच्या चौकशी आयोगापुढे ट्रूडोंनीच सांगितलं की सुरुवातीला हातात होती ती गुप्त माहिती, पक्का पुरावा नव्हता. आरोप म्हणजे सिद्ध झालं असं नाही आणि सिद्ध झालं नाही म्हणजे काही घडलंच नाही असंही नाही, निकाल कोर्टात लागेल. तोवर कार्नी-मोदी जून 2025 मध्ये कनानास्किसला भेटले आणि उच्चायुक्त पुन्हा नेमले गेले, हे राजकारण वेगळ्या रुळावर चाललंय.

आणि हा फरक का महत्त्वाचा ते समजायला एअर इंडिया 182 विमानातल्या बॉम्बस्फोटाची चौकशी वाचा. 23 जून 1985, 329 माणसं गेली, बहुतेक कॅनडाचेच नागरिक, घरंच्या घरं संपली. सीसिसने टॅप केलेल्या टेपा पुसल्या, पोलीस आणि गुप्तचर एकमेकांना माहिती देत नव्हते, शेवटी 2005 मध्ये दोघे आरोपी निर्दोष सुटले आणि शिक्षा झाली ती बॉम्ब बनवणाऱ्या एकट्या रेयातला. न्यायमूर्ती जॉन मेजर ह्यांचा अहवाल 2010 मध्ये आला, पंचवीस वर्षांनी! मला अजूनही त्याचा राग येतो. ह्या देशाने ते आपलं दुःख मानायलाच इतकी वर्षं घेतली.

मीनल_ब्रॅम्प्टन:
विद्याताई, खूप आभार, हे सासऱ्यांना वाचून दाखवलं, ते गप्प बसून ऐकत होते. एक शंका, ते 'खासदारच फितूर आहेत' प्रकरण काय होतं?

विद्या_हॅलिफॅक्स:
जून 2024 मध्ये खासदारांच्या सुरक्षाविषयक समितीने लिहिलं की काही संसद सदस्य जाणता किंवा अर्धवट जाणता परकीय सरकारांना मदत करत होते. नावं गुप्त. न झाकलेला अहवाल ग्रीन पक्षाच्या एलिझाबेथ मे आणि एनडीपी पक्षाचे जगमीत सिंग दोघांनी वाचला, मे म्हणाल्या मला हायसं वाटलं, सिंग म्हणाले माझी काळजी वाढली. कागद तोच! पॉलिव्हने गुप्त माहिती बघायची परवानगीच घेतली नाही, म्हणे नंतर बोलता येणार नाही. ह्यावर अजून वाद आहे, मला स्वतःला वाटतं विरोधी पक्षनेत्याने घ्यायला हवी. मग जानेवारी 2025 मध्ये त्या चौकशी आयोगाच्या न्यायमूर्ती ओग ह्यांचा अंतिम अहवाल आला: संसदेत देशद्रोही असल्याचा पुरावा नाही, काहींचं वागणं मात्र चिंताजनक, 2019 आणि 2021 ला सरकार कोणाचं आलं ते हस्तक्षेपाने बदललं नाही, आणि सर्वात मोठा धोका खोट्या माहितीचा. सात खंड आहेत, पहिला खंड वाचलात तरी पुरे.

सुमती_स्कारबरो:
पेपरचं कोणी सांगितलंच नाही. ग्लोब अँड मेलचं सुरक्षेवरचं काम चांगलं, पण पैसे पडतात. नॅशनल पोस्ट उजवीकडे झुकलेला, टोरोंटो स्टार डावीकडे, एकाच दिवशी एकाच विषयावर दोन्ही वाचून बघा. लायब्ररीचं कार्ड असेल तर तिथे विचारा, बऱ्याच लायब्ररींत प्रेसरीडर (ऑनलाइन पेपर वाचायची सेवा) फुकट मिळतं. भांडी घासताना ऐकायला सीबीसीचं 'द हाऊस', शनिवारी असतं, राजकारणावरच. सभागृहातलं थेट बघायचं तर सीपॅक चॅनल. अर्ध्या तासात तीन दिवस वाचन, बाकी दिवस ऐकणं असं केलंत तर जमेल.

मीनल_ब्रॅम्प्टन:
मस्त, सगळं लिहून घेतलं. आता मतदार यादीत नाव आहे की नाही हे कुठे बघतात?

नाना_ओटावा:
दोन वेगळ्या याद्या आहेत. केंद्राची इलेक्शन्स कॅनडाकडे. प्रांत आणि शहराची इलेक्शन्स ऑन्टारिओकडे, 2024 पासून म्युनिसिपल यादी पण तेच सांभाळतात. दोन्ही साइटवर नाव तपासा, नसेल तर ऑनलाइन घालता येतं, ओळखपत्र जवळ ठेवा. ऑन्टारिओतली म्युनिसिपल निवडणूक 26 ऑक्टोबर 2026 ला आहे, म्हणजे तुमचं पहिलं मत बहुतेक तीच. तुमच्या वॉर्डचे रीजन कौन्सिलर पील पोलिसांच्या बजेटवर मत देतात. प्रचाराला दारात आले की खंडणीच्या पथकाला किती माणसं देणार ते थेट विचारा, बेलचं नको, ते त्यांच्या हातात नाही.