पाककृतींच्या ब्लॉगला स्वतःची शोधखिडकी हवीच कशाला?

माजघर: काल खटपट्या यांनी लिहिलं की वैयक्तिक ब्लॉगवर वेगळी शोधखिडकी बसवणं ही निव्वळ हौस, गूगलवर शब्दासोबत ‘साइट’ (site:) आणि ब्लॉगचा पत्ता लावून शोधलं की काम भागतं. राहवलं नाही म्हणून लिहितेय. माझ्याकडे आईच्या पाककृती आहेत. चातुर्मास आहे, कांदा-लसूण नको, घरात दोडका आहे, तर काय करू, असं विचारत लोक येतात. हे गूगलवर कसं शोधायचं? प्रत्येक पाककृतीला घटक, उपास, ऋतू अशा खुणा लावून त्यांवर शोध चालवला, तरच उत्तर मिळतं.

खटपट्या: ताई, घरगुती ब्लॉगला विषयवार अनुक्रमणिका पुरते. मी हौसेनं शोधाचं प्लगइन, म्हणजे ब्लॉगला जोडायची तयार सोय, बसवलं होतं. एका अपडेटनंतर अख्खा ब्लॉग उघडेना. तुमचा शोध चालवणारा सर्व्हर सांभाळणार कोण? गूगलची तयार खिडकी 2006 पासून मिळते, तीच लावा.

माजघर: तिच्या फुकट प्रकारात निकालांबरोबर जाहिराती येतात. आईच्या पुरणपोळीवर मला त्या नकोत. आणि सर्व्हर लागतो कुठे? पेजफाइंड किंवा लुनर अशी शोधाची साधनं वापरली की शोधसूची आधीच तयार करून ठेवता येते, शोध वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालतो.

जुना पाटा: सगळं व्यर्थ आहे. आधी शुद्ध लिहा! कोणी थालिपीठ लिहितं, कोणी थालीपीठ. 1962 मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले, तरी लोकांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारत नाहीत. खिडकी बिचारी काय करणार?

लेकुरवाळी: नियमांचं इथे काय काम? माझी आजी घावन म्हणायची, सासरी घावणे म्हणतात. आजी गेल्यावर तिची कृती मी तिच्याच शब्दानं शोधत होते. तिला अशुद्ध ठरवणारे तुम्ही कोण?

जुना पाटा: आजीला कोणी काही बोललं नाही. लिहिताना प्रमाण हवं, एवढंच म्हणतोय. बोलीचं नाव पुढे करून आळस झाकू नका.

लेकुरवाळी: आळस? तीन पिढ्यांच्या पाककृती वहीतून उतरवून काढल्यात मी. शब्द परत घ्या.

खटपट्या: दोघंही थांबा. नियम पाळूनही शोध फसतो. भाकऱ्या या शब्दातला ‘ऱ्य’ दोन प्रकारे साठवला जातो, कीबोर्डप्रमाणे. ॲ ला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या संकेतांमध्ये, स्वतंत्र जागा 2008 मध्ये मिळाली. त्याआधीचा मजकूर अ वर चंद्र देऊन लिहिलेला. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे.

माजघर: मग तुम्ही माझीच बाजू मांडलीत! त्यात विभक्ती. दोडका शोधला तर ‘दोडक्याची भाजी’ साध्या अक्षरजुळणीला सापडत नाही. म्हणूनच आपल्या हातातली खिडकी हवी. दोन्ही ‘ऱ्य’ एक करता येतात, घावन-घावणे जोडता येतात, दोडका-दोडक्या एकत्र ठेवता येतात.

खटपट्या: अशा जोड्यांची यादी हातानं करायची म्हणजे जन्म जाईल. पण पाककृतींपुरते शब्द मोजकेच, हे मान्य. मी अनुक्रमणिकेवर ठाम आहे. तुम्ही खिडकी बसवणारच असाल, तर दोन्ही ठेवा.

जुना पाटा: यादीत प्रमाण रूप आधी ठेवा.

लेकुरवाळी: आजीचं रूप आधी येईल. यादी मी करून देते, माजघरताई. आणि ‘आळस’ अजून परत घेतलेला नाही.

जुना पाटा: वहीबद्दल माहीत नव्हतं. तेवढा शब्द मागे घेतो, बाकी मत तेच.