‘अफगाणी फौज पळाली’ म्हणणाऱ्यांनी आधी सुट्या भागांचा हिशोब द्यावा

बोरूबहाद्दर

काल एका धाग्यावर कुणीतरी ठोकून दिलं: "अमेरिकेने वीस वर्षं शिकवलं, तीन लाखांची फौज उभी करून दिली, आणि दहा दिवसांत सगळे शेपूट घालून पळाले. त्यांच्यात लढायची धमकच नाही." खाली टाळ्यांचा पाऊस. माझं म्हणणं वेगळं आहे: परका कब्जा लांबला की फौज त्याच्याच पुरवठ्यावर टांगली जाते. उत्तर लांबलं म्हणून वेगळा धागा काढतोय.

पहिली प्रांतिक राजधानी झरंज ६ ऑगस्ट २०२१ ला तालिबानच्या हाती पडली, काबूल १५ ला. दिवसांचं गणित बरोबर आहे. पण जानेवारी २०१९ मध्ये दावोसला राष्ट्राध्यक्ष अश्रफ घनींनी सांगितलं होतं की २०१४ पासून ४५,००० हून जास्त अफगाण जवान आणि पोलीस मारले गेलेत. न लढता एवढी माणसं मरत नाहीत.

घोडं कुठे पेंड खात होतं ते बघा. फौज हजारो चौक्यांत विखुरलेली, एकेका चौकीत दहा-वीस माणसं. रस्ते तालिबानच्या हातात. म्हणजे पीठ, पाणी, काडतुसं, जखमी, सगळं हेलिकॉप्टरवर. एमआय-१७ या रशियन हेलिकॉप्टरवर अफगाण मेकॅनिकांचा हात सोव्हिएत काळापासून बसलेला, बहुतेक दुरुस्ती तेच उरकायचे. २०१७ पासून त्याच्या जागी अमेरिकी ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर यायला लागले, कारण रशियावर निर्बंध आणि रशियन सुटे भाग विकत घेणं अमेरिकेला राजकीयदृष्ट्या परवडेना. ब्लॅक हॉकमध्ये माणसं निम्मी बसतात, विरळ हवेत तो लवकर धापा टाकतो, आणि देखभाल जवळपास सगळी कंत्राटदारांकडे. अमेरिका आणि तालिबानच्या दोहा करारात (२९ फेब्रुवारी २०२०) सैन्यासोबत हे कंत्राटदारही जाणार असं स्वच्छ लिहिलेलं आहे. ते गेले. मग व्हिडिओ कॉलवर बघून नट-बोल्ट आवळायची पाळी आली.

पुढचं ओघाने येतं. उडती विमानं कमी झाली की उरलेल्यांवर फेऱ्या वाढतात. ठरलेल्या तासांनी करायची तपासणी पुढे ढकलली जाते. मग एकाचा भाग काढून दुसऱ्याला लावतात, म्हणजे पहिलं कायमचं जमिनीवर. चौकीत बसलेल्याला एवढंच कळतं की आज कुणी येणार नाही. त्याच वेळी गावातले म्हातारे तालिबानचा निरोप घेऊन येतात: शस्त्रं ठेवा, घरी जा. तुम्ही काय केलं असतं?

तोफखाना

असहमत. फेब्रुवारी १९८९ मध्ये सोव्हिएत फौज सीमेवरचा हैरतानचा पूल ओलांडून परत गेली. नऊ वर्षांचा कब्जा, तोही काही मऊ नव्हता. सोव्हिएतांच्या पाठिंब्यावरचं नजीबुल्लाचं सरकार तीन महिने टिकणार नाही असं सगळे म्हणत होते. मार्चमध्ये त्याच्याविरुद्ध लढणारे मुजाहिदीन जलालाबादवर चालून गेले आणि सपाटून मार खाल्ला. नजीबुल्ला एप्रिल १९९२ पर्यंत टिकला. तेव्हाही परकी सत्ता, परकी शस्त्रं, लोक तेच. तुमचा सिद्धांत तिथे का लागू पडत नाही?

बोरूबहाद्दर

लागू पडतो की. माणसं गेली, पण धान्य, इंधन आणि स्कड क्षेपणास्त्रं येतच राहिली. जानेवारी १९९२ पासून मॉस्कोने नळ बंद केला. उत्तरेत सरकारच्या बाजूने लढणारा सेनानी दोस्तम, त्याला पगार आणि डिझेल मिळेना, तो फिरला, आणि एप्रिलात खेळ खलास. तुम्ही माझंच उदाहरण माझ्यावर फेकताय.

तोफखाना

नळ बंद व्हायच्या आधी तीन वर्षं गेली, ती सोयीस्कर गाळू नका. तिथे नळ शेवटी बंद झाला. इथे पगाराचे डॉलर चालूच होते, तरी फौज कोसळली. नजीबुल्लाच्या फौजेला स्वतःचा रणगाडा स्वतः दुरुस्त करता येत होता, हा फरक आहे. म्हणजे दोष कब्जा लांबला याचा नाही, अमेरिकी खरेदीचा आहे.

खडूस_काका

सुटे भाग, सुटे भाग काय लावलंय! अर्धी फौज कागदावर होती. नाव यादीत, माणूस गायब, पगार कमांडरच्या खिशात. डिझेल टँकरमधून उतरायच्या आधीच बाजारात. बोटाचे ठसे घेऊन पगार द्यायची व्यवस्था आणली, तीही धड चालली नाही. आणि गणवेशाचं कुणी बोलतच नाही! २००७ मध्ये संरक्षणमंत्री वर्दक यांनी संगणकावर नमुने बघून जंगलाचा हिरवा ठिपकेदार नमुना निवडला. देशात जंगल किती? २.१ टक्के. अमेरिकेच्याच तपासनिसांनी काढलेला फालतू खर्च २ कोटी ८० लाख डॉलर. वाळवंटात हिरवा शिपाई!

बोरूबहाद्दर

काका, भ्रष्टाचार मान्य. पण टेबलाच्या पलीकडचा माणूस पण बघा. अमेरिकेने अफगाण फौजेसाठी इटलीची जुनी जी-२२२ मालवाहू विमानं घेतली, कार्यक्रमाचा खर्च ५४ कोटी ९० लाख डॉलर. भाग मिळेनात, विमानं काबूलच्या धावपट्टीशेजारी उभी राहिली, आणि २०१४ मध्ये १६ विमानं पौंडाला सहा सेंट दराने भंगारात गेली. एकूण हाती ३२,००० डॉलर. हे अफगाण कमांडरने खाल्लेलं नाही.

तारतंत्री

विमानांवर सगळे बोलतात. लांबलेला कब्जा म्हणजे काय हे बघायचं तर हेलमंदमधलं काजकी धरण बघा.

१९७५ मध्ये १६.५ मेगावॅटची दोन जनित्रं बसली, मधली जागा तिसऱ्यासाठी मोकळी ठेवली. सप्टेंबर २००८ मध्ये ब्रिटिशांनी तिसरं, १८.५ मेगावॅटचं, तिथे पोचवलं. २२० टन सामान, सुमारे शंभर गाड्यांचा ताफा, हजारो सैनिक, ६११ नंबरचा सुरुंगांनी भरलेला रस्ता टाळून वाळवंटातून वाट काढलेली. वर्तमानपत्रांत जयजयकार. पण जनित्र बसवायला शेकडो टन सिमेंट लागतं. ते त्याच रस्त्याने यायचं, आणि एवढा बंदोबस्त दुसऱ्यांदा कोण करणार? चिनी कंत्राटदार निघून गेले. भाग आठ वर्षं पडून. जोडणी झाली २०१६ मध्ये.

तोपर्यंत कंदाहारला वीज कशी? शोरंदाम आणि बाग-ए-पुल इथे डिझेल जनित्रं लावली, इंधनाचे पैसे अमेरिकी सैन्याचे. २०१५ मध्ये पैसे थांबले आणि कारखाने पुन्हा अंधारात. सैन्य तात्पुरती सोय करतं, ती सोय वर्षानुवर्षं चालते, आणि तिच्यामुळे पक्क्या कामाची निकड मरते.

खडूस_काका

आपल्या पॉवरग्रिडने पुल-ए-खुमरी ते काबूल २२० केव्हीची २०२ किमी लाइन सालंग घाटाच्या बर्फातून नेली, हेरातला ४२ मेगावॅटचं सलमा धरणही भारतानेच बांधलं. बंदुकीविना! त्याचं कुणी नाव घेत नाही.

तारतंत्री

घेतो की. लाइन उत्तम आहे. पण तिच्यातून येते ती उझबेकिस्तानची वीज. ताजिकिस्तानची वेगळी, तुर्कमेनिस्तानची वेगळी, इराणची वेगळी. सगळीकडे ५० हर्ट्झ, पण विजेच्या लहरींचा ठेका एकमेकांशी जुळत नाही, म्हणून एका तारेत मिसळता येत नाहीत. एखाद्या वस्तीचा पुरवठा बदलायचा तर आधी पूर्ण बंद करायचा, मग दुसऱ्या बाजूला जोडायचा. २०१६ मध्ये बगलानमध्ये विजेच्या तारांचे मनोरे उडवले तेव्हा काबूल अंधारात गेलं. हाताशी होता ताराखीलचा १०५ मेगावॅटचा डिझेल प्रकल्प, ३३.५ कोटी डॉलरचा, पण त्याची वीज इतकी महाग की तो बहुतेक वेळ बंदच.

तोफखाना

धागा सैन्यावर होता ना? आता वायरमनची परीक्षा चाललीय.

तारतंत्री

समजत नसेल तर वाचू नका. सैन्याला काडतूस आणि शहराला वीज, दोन्ही त्याच रस्त्याने जायचं.

बोरूबहाद्दर

भांडू नका राव. तोफखाना, तुमचा मुद्दा अर्धा घेतो: सोव्हिएतांनी निदान दुरुस्त करता येईल असं सामान दिलं. उरलेला अर्धा नाही. सरकारी खर्चातले सुमारे ७५ टक्के परदेशी अनुदानातून येत असतील तर तो देश कुणाच्या तारेवर जोडलाय? ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेने अफगाण मध्यवर्ती बँकेचे न्यूयॉर्कमधले ७०० कोटी डॉलर गोठवले आणि डॉलरच्या नोटांची विमानं थांबली. मध्यवर्ती बँक डॉलरचा लिलाव करून अफगाणी चलनाचा भाव सांभाळायची, तो लिलावच बंद पडला. लोकांना स्वतःच्या खात्यातले पैसे मोजून मिळायला लागले.

तोफखाना

अर्धा दिल्याबद्दल उपकार झाले. आता काजकीचंही पूर्ण सांगा. १०० मेगावॅटची वाढ एका तुर्की कंपनीने २०२२ मध्ये चालू केली. तालिबानच्या राज्यात. सिमेंट पोचलं वाटतं!

तारतंत्री

पोचलं, कारण रस्त्यावर सुरुंग पेरणारेच आता सरकारात आहेत. यात कौतुकासारखं काही नाही. आणि काजकीचं पूर्णच ऐकायचं तर सांडव्यापासून सुरू करा. तिथे दरवाजे बसवून जास्त पाणी अडवायचं काम सत्तरच्या दशकात काढलं होतं. १९७९ च्या डिसेंबरात सोव्हिएत रणगाडे आले आणि ते तसंच राहिलं. गाळ तेव्हापासून साठतोच आहे.