चेनसॉचे बार दुकानात कुठले ठेवावेत? आणि चिंचेच्या फळ्या पाडायची फ्रेम गिऱ्हाइकाला द्यावी का?

मोहोळचा नवा दुकानदार:

नमस्कार मंडळी. मोहोळला माझं शेती अवजारांचं दुकान आहे. पंप, फवारे, ब्रश कटर, थोडं ड्रिपचं सामान. मागच्या उन्हाळ्यापासून ५८ सीसीच्या चायना चेनसॉ ठेवल्या, त्या बऱ्यापैकी गेल्या. आता त्याच लोकांना बार (ज्याच्या कडेनं चेन फिरते ती लांब पट्टी) आणि चेन पाहिजे आणि इथंच माझी गाडी अडलीय. गिऱ्हाईक येतं, "२० इंची बार द्या" म्हणतं. एकाच्या मशीनला बसतो, दुसऱ्याच्या नाही. होलसेलवाला म्हणतो, सगळ्या साइझचे दोन-दोन नग उचला, पडून खराब थोडेच होतात! पण पैसे अडकतात त्याचं काय?

दुसरं असं. अनगरकडचे एक शेतकरी आहेत. वळवाच्या वाऱ्यात त्यांची बांधावरची चिंच उपटून पडली. बुंधा अडीच फूट जाडीचा. मोबाईलवर बघून त्यांच्या डोक्यात बसलंय की चेनसॉला फ्रेम लावून जागेवरच फळ्या पाडायच्या. मशीन माझ्याकडूनच नेलेली, ५८ सीसी. फ्रेम आणि ३६ इंची बार मागवून दे म्हणतात. मागवू का? धंदा सोडवत नाही, आणि उद्या मशीन बसली तर तेच दारात येऊन बसतील.

पार्ट काउंटर, अक्कलकोट रोड:

मालक, दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. इंचावर बार विकायचा बंद करा.

मी सोलापुरात पार्टचं काउंटर बघते, आमचे हे मागं गॅरेज सांभाळतात. आमच्याकडं कोणी "२० इंची द्या" म्हटलं की मी आधी जुना बार मागते. आणला नसेल तर चहा देते, बार देत नाही. लोक चिडतात, पण परत येतात ते भांडायला नाही, दुसरा माल न्यायला.

कारण ऐका. बारला चेन बसायची तर तीन आकडे जुळावे लागतात: पिच, गेज आणि ड्राइव्ह लिंकची, म्हणजे बारच्या खाचेत बसणाऱ्या चेनच्या कड्यांची संख्या. पिच म्हणजे लागोपाठच्या तीन रिव्हेटांचं अंतर मोजायचं आणि निम्मं करायचं. तीन रिव्हेटांत साधारण साडेसोळा मिमी भरलं तर .३२५ इंच, एकोणीसच्या आसपास भरलं तर ३/८ इंच. गेज म्हणजे बारच्या खाचेत बसणाऱ्या लिंकची जाडी: .०४३, .०५०, .०५८ आणि .०६३ इंच, म्हणजे १.१, १.३, १.५ आणि १.६ मिमी. १.६ ची चेन १.५ च्या खाचेत जातच नाही, त्यामुळं ती चूक काउंटरवरच कळते. उलटं केलं तर मात्र फसगत होते. १.५ ची चेन १.६ च्या खाचेत आरामात जाते, दुकानात छान फिरते आणि शेतात गेल्यावर डुलते, काप तिरका जातो. गिऱ्हाईक म्हणतं मशीन खराब.

आता तुमच्या २० इंचाची गंमत. तुम्ही विकता त्या ५८ सीसीच्या चायना मशीनला २० इंची बारवर बहुतेक .३२५ पिच, .०५८ गेज आणि ७६ लिंकची चेन येते. हुस्कवर्णा कंपनीच्या लहान माउंटच्या (मशीनला बसणाऱ्या शेपटीच्या लहान मापाच्या) २० इंची बारला त्याच पिचची चेन लागते ८० लिंकची. इंच तेच, पिच तेच, तरी चार लिंकचा फरक. तुमच्याच चायना मशीनला २२ इंची बार लावला की ८६. म्हणून पावतीवर मी इंच लिहीतच नाही, ".३२५–०५८–७६" एवढंच लिहिते. गिऱ्हाइकानं पावती हरवली नाही तर पुढच्या वेळी फोनवर काम होतं.

चौथी गोष्ट बारच्या शेपटीची. बार आवळायच्या बोल्टसाठी (स्टडसाठी) असलेली लांब खाच कुठं ८ मिमी, कुठं ९, स्टिल कंपनीच्या मधल्या-मोठ्या मशिनींना १२. शिवाय चेन ताणायच्या पिनचं छिद्र आणि ऑइलचं छिद्र समोरासमोर आलं पाहिजे. ऑइलचं छिद्र जुळलं नाही तर बार बसल्यासारखा दिसतो, चेन फिरते आणि दोन टाक्या पेट्रोल होईपर्यंत बार निळा पडतो. जुना बार पुढ्यात असला की हे सगळं एकावर एक ठेवून दहा सेकंदांत दिसतं.

जुना बार नसेल, नुसती चेन असेल तर ड्राइव्ह लिंकवरचा कोरलेला नंबर वाचा. ओरेगॉन कंपनीच्या चेनवर २१ असेल तर .३२५ आणि .०५८. ७३ असेल तर ३/८ आणि .०५८. ९१ म्हणजे ३/८ लो प्रोफाइल, .०५०. हा ९१ वाला प्रकार लहान मशिनींचा. तो आणि नुसता ३/८ नावानं भाऊ असले तरी एकमेकांच्या जागी लावू नका. चष्मा लावून वाचा. नकली मालावर हे नंबर पुसट असतात किंवा नसतातच, आणि खोका मात्र असलीपेक्षा चकचकीत.

माल काय ठेवायचा? तुमच्या गावात तुम्हीच विकलेल्या मशिनी फिरतायत, मग .३२५–०५८ चे १८ आणि २० इंची बार ठेवा. डाळिंबवाले, छाटणीवाले येत असतील तर १२ ते १६ इंची लो प्रोफाइलचे दोन-चार. बस्स. त्याच्या वरचा बार आगाऊ पैसे घेऊन मागवायचा. बारमध्ये तसाही फार धंदा नाही. नीट वापरला तर एक बार तीन-चार चेन सहज खातो. धंदा चेनमध्ये, कानशीत, ऑइलमध्ये आणि स्प्रॉकेटमध्ये (मशीनवरच्या चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकात) आहे. दोन चेन झिजल्या की स्प्रॉकेट बदला असं आम्ही सांगतो. जुन्या स्प्रॉकेटवर नवी चेन म्हणजे जुन्या सुपलीनं नवे गहू पाखडणं, सगळं बाहेर.

कानस नंबरानं विका. .३२५ ला ४.८ मिमीची गोल कानस, लो प्रोफाइलला ४ मिमीची, ३/८ ला ५.२ किंवा ५.५ ची. आपल्याकडं लोक घरात असेल ती कानस घासतात आणि मग म्हणतात चेनमध्ये दम नाही. बाभळीवर तर बोथट चेन चालतच नाही, धूर निघतो नुसता.

पुढं धंदा वाढला तर १०० फुटी चेनचं रीळ घ्या, सोबत रिव्हेट तोडायचं आणि बसवायचं यंत्र. मग ७६ काय, ८० काय, समोर मोजून तोडून द्यायची. तयार पाकिटं पडून राहत नाहीत. आणि बिलाचं एक, जीएसटीच्या एचएसएन नंबराचं: बार ८४६७ मध्ये, चेन ८२०२ मध्ये, कानस ८२०३ मध्ये येते. सगळं "मशिनरी पार्ट" लिहून मोकळं होऊ नका, सीएला एकदा दाखवून घ्या.

आता चिंचेचं.

नका मागवू. निदान त्या मशीनसाठी तरी नका. ही फ्रेम, जिला अलास्कन मिल म्हणतात, अमेरिकेतल्या ग्रॅनबर्ग कंपनीची म्हणून जगभर ओळखली जाते. आता तिच्या नकला हजारोंनी मिळतात. काम साधं आहे. बार फ्रेममध्ये आडवा घट्ट करायचा, ओंडक्यावर सरळ पट्टी ठेवायची आणि ढकलत जायचं. पण साधं दिसतं ते फ्रेमचं काम, मशीनचं नाही. झाड आडवं कापताना मशीन अर्धा मिनिट जोर लावते आणि दम खाते. फळी पाडताना ती पूर्ण थ्रॉटलवर एका दमात आठ फूट जाते, तेही तंतूंच्या दिशेनं, जे सगळ्यात जड. वर ३६ इंची बारला पुरेल एवढं ऑइल ५८ सीसीचा पंप देतच नाही. तो २०–२२ इंचासाठी बनवलेला. आणि आपलं मे महिन्यातलं ४३–४४ अंश तापमान. पिस्टन चिकटणार म्हणजे चिकटणार.

शिवाय फ्रेम बारचे चार ते सहा इंच खाते. ३६ इंची बारवर हातात येतो ३० इंचाचा काप, तोही बेताचाच. अडीच फुटी बुंध्याला ९० सीसीच्या वरचीच मशीन पाहिजे. तसल्या मशीनची किंमत ऐकून अनगरचे पाहुणे चिंचेचा कोळसा करतील.

बुंधा सोडा, त्याच चिंचेच्या दहा-बारा इंची फांद्यांवर तुमची ५८ सीसी लहान फ्रेम लावून चालेल. हळू, पण चालेल. त्यासाठी रिपिंग चेन, म्हणजे लाकूड उभं चिरायची चेन द्या. साध्या चेनच्या दाताच्या वरच्या पात्याचा कोन ३० अंशाच्या आसपास असतो, रिपिंगला तो १० अंशांवर आणतात. काप गुळगुळीत येतो. भुसा बारीक पडतो, त्यावरून चेन बोथट झाली असं समजू नका, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवा. पुढचा क्लॅम्प बारच्या नाकातल्या चक्रावर कधीच घट्ट करायचा नाही, त्याच्या मागं घ्यायचा. दर टाकीला एअर फिल्टर झाडायचा. काप संपला की लगेच बंद न करता थोडा वेळ मंद चालू ठेवायचं. काप पुढं जाईल तसं मागं लाकडी पाचरा मारत राहायचं, नाहीतर फळी बसते बारवर.

बार्शीचा सुतार:

ताईंनी मशीनचं सांगितलं, मी लाकडाचं सांगतो.

पहिला काप सरळ गेला नाही तर पुढचे सगळे वाकडे. पहिल्याला ओंडक्यावर ॲल्युमिनियमची शिडी किंवा दोन सरळ वासे स्क्रूनं बसवून घ्यायचे, फ्रेम त्यावरून चालवायची. आणि चेनसॉचा एक काप ८–१० मिमी लाकूड भुशात घालवतो, बँड सॉ दोन-तीन मिमी. दहा फळ्या पाडल्या की तीन-साडेतीन इंच चिंच उडाली. जाड स्लॅब पाडणार असाल, दोन-अडीच इंची, तर चालतं. पाऊण इंची फळ्या चेनसॉनं पाडणं म्हणजे भुसा विकत घेणं.

बांधावरची चिंच म्हणजे आत खिळा, काटेरी तार, जनावराच्या दाव्याची कडी काहीही निघतं. आधी मेटल डिटेक्टर फिरवा. एक खिळा लागला की चेन गेली.

सोलापूरच्या हवेत ओलं लाकूड वाळत नाही, फाटतं. पाडल्या दिवशीच दोन्ही टोकांना मेण किंवा ऑइल पेंट फासा, सावलीत रचा, दोन फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवा. इंचाला एक वर्ष हा जुना हिशेब धरा. चिंचेचा आतला काळपट-जांभळा गाभा सोनं आहे, पण बाहेरच्या पिवळ्या लाकडाला भुंगा लागतो. बोरॅक्स-बोरिकचं पाणी मारा.

मोहोळचा नवा दुकानदार:

ताई, सुतारकाका, खूप आभार. पाहुण्यांना हे वाचून दाखवलं. ते म्हणाले मग ओंडका सॉ मिलला नेऊ. पण आठ फुटाचा तुकडा ट्रॉलीत चढवायचा कसा हा प्रश्न आहेच. आणि परवानगीचं काही असतं का? झाड तर वाऱ्यानं पडलंय, तोडलेलं नाही.

पार्ट काउंटर, अक्कलकोट रोड:

अडीच फूट जाड, आठ फूट लांब ओली चिंच टनाच्या वर भरते. जेसीबीवाल्याला सांगा, पाचशे-हजारावर मन घट्ट करा. नाहीतर मोठी मशीन घेऊन जागेवर येणारा माणूस शोधा. फळ्या पाडून देण्याचे पैसे घेतात, पण मशीन त्यांची, डोकेदुखी त्यांची.

परवानगीचं असतं. चिंच आणि आंबा ही दोन्ही झाडं महाराष्ट्राच्या १९६४ च्या झाडतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत, साग आणि जांभळासारखी. पडलेलं असलं तरी तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या, वन खात्याच्या कार्यालयात विचारा, मगच रस्त्यावर काढा. वाटेत गाडी अडवली तर ट्रॉली तिथंच राहते. आणि मालक, तुम्ही स्वतः फ्रेम लावून लोकांच्या फळ्या पाडून द्यायचा धंदा मनात धरला असेल, तर आधी तिथंच लेखी विचारा. आरागिरणीला वन विभागाचा परवाना लागतो.

सांगोल्याचा लाकूडतोड्या:

ताई बरोबर बोलतात, एक जोडतो. बार दर वेळी चेन बदलताना उलटा करून लावा, दोन्ही कडा सारख्या झिजतात. खाच तारेनं साफ करा. कडेला बर, म्हणजे धातूची बाहेर आलेली बारीक धार, आला तर सपाट कानशीनं काढा. आणि जुना बार चालेल का हे बघायचं तर चेन लावून बाजूनं पट्टी टेकवा, पट्टी बारला आणि दाताला लावून तिरकी झाली नाही, थेट चिकटून बसली, म्हणजे चेन लुळी पडतेय, बार गेला.

मातीत रुतलेलं खोड कापणाऱ्याला चक्राच्या नाकाचा बार देऊ नका, चक्रात माती जाते. त्याला साध्या कठीण नाकाचा द्या.

मोहोळचा नवा दुकानदार:

होलसेलवाल्याला .३२५ च्या १८ आणि २० इंचीची ऑर्डर दिली, लो प्रोफाइलचे चार. फ्रेम रद्द. ताई, ते रिव्हेटचं यंत्र बघायला येऊ का तुमच्याकडं?

पार्ट काउंटर, अक्कलकोट रोड:

या की. गुरुवारी दुपारनंतर या, सकाळी ह्यांचे पंपवाले असतात. येताना गिऱ्हाइकांचे चार-पाच जुने बार घेऊन या, समोर बसून मापं घेऊ.